विद्यार्थी लघुपटाचं पोस्टर : भूत न दाखवता अस्वस्थता कशी आणायची?

अर्धउजेड
आमचा १८ मिनिटांचा लघुपट संकलनाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. नाव 'दुसरी वही'. एका मुलीला आपल्या वहीत आपल्याच हस्ताक्षरातल्या नोंदी सापडतात, ज्या लिहिल्याचं तिला अजिबात आठवत नाही. भूतबित काही नाही, रक्त नाही. सगळी भीती तिच्या स्वतःवरच्या उडत चाललेल्या विश्वासाची आहे.

ए३ आकाराचं छापील पोस्टर सूचनाफलकांवर लावायचं आहे. तेच चित्र फोनवर फिरेल आणि महोत्सवांच्या अर्जांसोबतही जाईल. तीन कच्चे आराखडे आहेत :

अ) काळ्या पार्श्वभूमीवर किंचाळणारा चेहरा, गडद लाल ठिबकणारी अक्षरं.
ब) टेबल, उघडी वही, वरून दिव्याचा झोत, रिकामी खुर्ची.
क) मुलगी खिडकीशी पाठमोरी, काचेतलं प्रतिबिंब मात्र आपल्याकडे बघतंय.

निम्म्या जणांना 'अ' हवाय, कारण भयपट आहे हे लगेच कळतं. तुम्ही कोणता घ्याल आणि का? आणि फोटो वेगळा न काढता सिनेमातलीच फ्रेम वापरली तर चालेल का?

चौकट
'अ' नको. किंचाळणारा चेहरा म्हणजे भीती दाखवून संपली. बघणाऱ्याला विचार करायला काही उरत नाही. मानसशास्त्रीय भयपटाच्या पोस्टरात एकच गोष्ट चुकलेली असावी आणि बाकी सगळं अगदी रोजचं असावं. पहिल्या नजरेत चित्र साधं वाटतं, दुसऱ्या नजरेत ती चूक दिसते, आणि मग नजर हटत नाही.

१९६८ च्या 'रोझमेरीज बेबी'चं पोस्टर आठवा. हिरव्या छटेत आडव्या चेहऱ्याची बाजू आणि खडकावर बाबागाडीची छोटी काळी आकृती. बाबागाडीत भीतीदायक काहीच नसतं. ती नको त्या जागी आहे, इतकंच.

'क' मधली प्रतिबिंबाची कल्पना चांगली आहे, पण फार वापरून झाली आहे. 'ब' मध्ये मात्र ती एक चूकच नाहीये. आत्ता ते अभ्यासिकेच्या जाहिरातीसारखं दिसेल.

निगेटिव्ह
फ्रेमबद्दल. गणितच करून बघा. ए३ म्हणजे २९७ × ४२० मिमी. ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. १९२० × १०८० च्या फ्रेममधून उभा तुकडा कापला तर उंचीला मिळतात १०८० पिक्सेल, म्हणजे ए३ वर साधारण ६५ डीपीआय. फोरकेमध्ये चित्रण केलं असेल तर २१६० पिक्सेल, म्हणजे १३० च्या आसपास. लांबून बघायच्या पोस्टरला १५० चालून जातं, पण सूचनाफलकासमोर माणूस दोन फुटांवर उभा असतो.

दुसरी अडचण हालचालीची. सेकंदाला २५ फ्रेमला शटर सहसा १/५० सेकंद असतं. पडद्यावर ते गुळगुळीत दिसतं, थांबवलेल्या फ्रेममध्ये बोटं आणि पापण्या पुसट येतात. शिवाय कॅमेऱ्यातून निघणारं व्हिडिओ बहुतेक वेळा ८ बिट आणि दाबलेलं असतं. अंधार उजळायला गेलात की चौकोनी ठोकळे वर येतात.

म्हणून वेगळा फोटो काढाच. तीच खोली, तेच कपडे, तोच दिवा, कॅमेरा ट्रायपॉडवर. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ते ४००, भिंगाचं छिद्र एफ/८. कॅमेरा उभा धरा आणि चौकट हवी त्यापेक्षा सैल ठेवा. शीर्षकाला वर-खाली जागा लागते, ती नंतर आणता येत नाही.

शाईचा_डाग
आणि दिवा चेहऱ्याच्या जवळ आणा. मागची भिंत संगणकावर काळी करत बसावं लागत नाही. दिव्यापासून चेहरा अर्ध्या मीटरवर आणि भिंत दोन मीटरवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या सोळाव्या हिश्शाइतकाच उजेड पडतो, म्हणजे चार स्टॉप कमी (दर स्टॉपला उजेड निम्मा). चेहऱ्यासाठी एक्स्पोजर लावलं की भिंत आपोआप बुडते, पण तिचा पोत थोडा शिल्लक राहतो. तो पोत लाख मोलाचा आहे. सपाट काळं मेलेलं दिसतं.

दिवा टेबलावरचा असेल तर उजेड खालून येतो आणि गालाची हाडं उलटी उजळतात. तेवढ्यानेच ओळखीचा चेहरा परका वाटायला लागतो. मुलीला काही अभिनय करायला सांगू नका.

पडदाआड
चौकट यांचं म्हणणं पटतं, पण दुसरी बाजू सांगतो. सूचनाफलकावर आणखी पंधरा कागद असतात. फार सूक्ष्म पोस्टर तिथे हरवतं. हा भयपट आहे हे लांबून कळलं नाही तर भयपट बघणारे थांबणारच नाहीत. म्हणून 'अ' वाल्यांचा मुद्दा सोडून देऊ नका, फक्त तो किंचाळीने सोडवू नका. प्रकार कळायला तीन गोष्टी पुरतात : उजेडाची दिशा, रंगांची संख्या आणि शीर्षकाचा टाइप. या तिन्ही बरोबर असल्या की शांत चित्रसुद्धा भयपटाचं वाटतं.

टिंब
लाल रंगच का पण? प्रत्येक पोस्टर काळं-लाल असतं. भिंतीवर दहा भयपटांची पोस्टरं लावली तर एकच मोठं पोस्टर वाटेल. :)

रंगारी
टिंब, बरोबर. १९८० च्या 'द शायनिंग'चं सॉल बास यांनी केलेलं पोस्टर पिवळंधमक आहे, आणि शीर्षकाच्या अक्षरात ठिपक्याठिपक्यांचा चेहरा. अंधाराचा मागमूस नाही, तरी बघवत नाही.

'अ' मधल्या गडद लालला एक निव्वळ तांत्रिक अडचणही आहे. शुद्ध लाल आणि काळ्यातला कॉन्ट्रास्ट ५.२५ : १ येतो. रक्तासारखा गडद लाल, म्हणजे आरजीबी (लाल-हिरवा-निळा) १३९-०-०, घेतलात तर तो २.१ : १ वर घसरतो. मोठ्या अक्षरांनासुद्धा किमान ३ : १ असावा असा वेबवाचनाचा निकष आहे. म्हणजे शीर्षक स्क्रीनवरच वाचायला जड जाणार, आणि छपाईत शाई पसरून आणखी बुडणार.

तुमच्या गोष्टीत वही आहे, शाई आहे, दिवा आहे. रंग तिथूनच काढा. जुन्या कागदाचा फिका पिवळा, शाईचा निळा-काळा, त्वचेचा रंग. लाल हवाच असेल तर वहीच्या समासाची एक लाल रेघ. ती पूर्ण उंचीभर वरपासून खालपर्यंत गेली तर पोस्टर दुभंगलेलं दिसेल आणि तरी ती फक्त समासाची रेघ असेल.

अर्धउजेड
समासाची रेघ फारच आवडली. 'ब' मध्ये चूक कोणती आणायची यावर आमचं असं ठरतंय : खुर्ची रिकामी, पण भिंतीवर बसून लिहिणाऱ्या बाईची सावली. कसं वाटतं?

चौकट
नको. माणूस नाही आणि सावली आहे, म्हणजे भूत. तुम्हीच वर लिहिलंय की भूत नाही. पोस्टरने एक वचन दिलं आणि सिनेमाने दुसरंच पाळलं की प्रेक्षक दहाव्या मिनिटाला भुताची वाट बघायला लागतो, आणि तुमचा खरा धागा त्याच्या हातातून सुटतो. चूक तिच्या शरीरात किंवा तिच्या वहीत हवी. खोलीत नको.

मधली_ओळ
उदाहरणार्थ : ती टेबलावर डोकं टेकून झोपली आहे, डोळे मिटलेले, आणि हातातलं पेन ओळीच्या मध्यावर टेकलेलं.

पडदाआड
यात शेवट फुटत नाही का? त्या नोंदी तीच लिहिते हे पोस्टरवरच सांगितल्यासारखं होईल.

मधली_ओळ
रास्त शंका आहे. मग पेन काढून टाका. झोपलेली मुलगी, मिटलेले डोळे, गालाखाली हात, आणि तर्जनी व मधल्या बोटावर ओली शाई. लिहिताना लागलेली असेल, वही पुसताना लागलेली असेल. प्रश्न उरतो आणि उत्तर मिळत नाही. तिच्या बाजूला कोऱ्या पानाचा कोपरा दिसू द्या. कोरंच पान ठेवा, त्यावर काही लिहू नका.

धूसर
हे सुंदर आहे. फोटो कॅमेऱ्यातच आणखी थोडा बिघडवायचा असेल तर दोन युक्त्या आहेत. दोन्हींना संगणक लागत नाही.

पहिली, लांब एक्स्पोजर. अंधारी खोली, आयएसओ १००, एफ/११, शटर दोन सेकंद. पहिला एक सेकंद चेहरा अगदी स्थिर, नंतर डोकं हळू किंचित वळवायचं. चेहरा ओळखू येतो, पण त्याच्या कडेला दुसरा चेहरा सुटून येतो. वळणं जास्त झालं की नुसता डाग होतो, त्यामुळे भरपूर फोटो घ्या आणि प्रत्येक वेळी वळण्याचा कोन बदला.

दुसरी, दुधी प्लास्टिकचा पडदा. हात पडद्याला टेकलेला असेल तर तो स्पष्ट दिसतो, चेहरा १५-२० सेमी मागे नेला की विरघळतो. दिवा मागून ठेवायचा.

छापलेला फोटो फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवून पट्टी सरकत असताना कागद ओढला तर चेहरा ताणला जातो. ६०० डीपीआयला पट्टी सावकाश जाते, म्हणून हाताला वेळ मिळतो. हे पाणी किंवा लाट दाखवायला छान आहे, पण झोपलेल्या मुलीच्या चित्रावर मी वापरणार नाही. तिथे शांतताच काम करते आहे.

टाइपसेटर
आता शीर्षक. ठिबकणारी अक्षरं काढूनच टाका. वहीची गोष्ट आहे तर शीर्षक हातानेच लिहायला हवं, आणि ते त्या अभिनेत्रीनेच लिहावं. सिनेमात तिचं अक्षर दिसतं ना? तेच पोस्टरवर दिसलं पाहिजे, नाहीतर सगळा धागा तुटतो.

कृती : जाड, शाई न फुटणाऱ्या कागदावर शाईच्या पेनाने 'दुसरी वही' तीस-चाळीस वेळा लिहून घ्या. सुरुवातीचे जपून लिहिलेले टाकून द्या. हात सैल झाल्यावरचे बघा. निवडलेलं ६०० डीपीआयला करड्या छटेत स्कॅन करा, लेव्हल्सने कागद पांढरा आणि शाई काळी करा, मग इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करून व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी न फाटणारा आकार) बनवा. कडा फार गुळगुळीत करू नका. पेन कागदावर अडखळल्याच्या खुणाच त्या अक्षराला जिवंत ठेवतात.

बाकीच्या मजकुराला छापील टाइप. मुक्ता किंवा हिंद नीट वाचता येतात, श्रेयनामावलीसाठी अरुंद हवा तर खंड किंवा तेको. हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत. भयपटाचे म्हणून मिळणारे फाटके टाइप टाळा. बहुतेकांत जोडाक्षरं धड नसतात आणि परवाना वैयक्तिक वापरापुरताच असतो.

देवनागरीत हमखास होणाऱ्या गोष्टी :

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन शीर्षकं फाकवलेली चांगली दिसतात, आपली शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. हवेशीरपणा हवा असेल तर शब्दाभोवती जागा सोडा, अक्षरांमध्ये नको.

ओळींमधलं अंतर टाइपाच्या आकाराच्या दीडपट धरा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात.

फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं, तर वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा (जुन्या आवृत्त्यांत तो टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये असतो). इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. इंकस्केप आणि गिंपमध्ये हा त्रास होत नाही.

अक्षरांना बाह्यरेषा द्यायची असेल तर आधी ती कर्व्हमध्ये (टाइपाऐवजी नुसत्या आकारांत) बदला आणि सगळे आकार एकत्र जोडा. नाहीतर शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या सांध्यात उभी रेघ उमटते.

टिंब
'शाईच्या पेनाने तीस-चाळीस वेळा' म्हणजे अभिनेत्रीला शाळेतली शिक्षा परत. :) पण कल्पना एकदम पटली.

प्रूफवाचक
श्रेयनामावलीबद्दल एक विनंती. मोठ्या सिनेमांसारखी दाटीवाटीची अरुंद पट्टी विद्यार्थी लघुपटाला गरजेची नाही. दिग्दर्शन, लेखन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, कलाकार एवढं पुरे. ए३ वर देवनागरी ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. नावं प्रत्येकाकडून लेखी मागवून घ्या आणि छापण्याआधी ज्याचं त्याला दाखवा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाव त्या माणसाला कायम टोचतं.

रंगारी
छपाईचा भाग, कारण गडद पोस्टरं इथेच मरतात.

फाइल ए३ ची, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापून जाणारी जादा कड). म्हणजे ३०३ × ४२६ मिमी, ३०० डीपीआयला ३५७९ × ५०३१ पिक्सेल. मजकूर कापाच्या रेषेपासून किमान १० मिमी आत. समासाची रेघ उभी सरळ जाणार असेल तर ती कडेपासून चांगली आत घ्या. कडेला चिकटून असेल तर कापताना एका मिलिमीटरचा फरकसुद्धा डोळ्यात भरतो.

छपाईत सी निळसर, एम किरमिजी, वाय पिवळी आणि के काळी शाई. मोठ्या काळ्या भागाला नुसतं के १००% दिलं तर ऑफसेटवर (प्लेटवरून होणाऱ्या छपाईत) राखाडी दिसतं. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० हे चालणारं मिश्रण आहे, बेरीज २४०. चारही शाया १०० करू नका. कागद ओला राहतो आणि मागच्या प्रतीला डाग लागतो. बारीक काळा मजकूर मात्र फक्त के १०० मध्ये. डिजिटल मशीनवर छापणार असाल तर आधी विचारा, काहींना आरजीबी फाइलच जास्त मानवते.

काळ्यातून पांढरी काढलेली बारीक अक्षरं भरून येतात, कारण चार शाया केसभर जरी सरकल्या तरी कड रंगीत होते. त्यासाठी पातळ वजन टाळा, मध्यम किंवा त्याहून जाड घ्या.

आणि सावल्या. मॉनिटर पूर्ण उजेडावर ठेवून काम केलं की छापील प्रत नेहमी काळवंडलेली येते. मॉनिटरची चमक १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा. एवढं मोजता येत नसेल तर स्क्रीनवरचं पांढरं आणि शेजारी धरलेला कागद सारखे दिसेपर्यंत कमी करा. चेहऱ्याची अंधारी बाजू स्क्रीनवर थोडी जास्तच उजळ वाटली पाहिजे. मग त्याच कागदावर त्याच मशीनमधून पोस्टरचा फक्त चेहरा आणि बोटं असलेला तुकडा ए४ वर मूळ आकारात छापून बघा. अख्खं पोस्टर लहान करून छापलं तर सावलीचा अंदाज येत नाही.

दिव्यापासून अंधारापर्यंतच्या उतारावर पट्टे दिसतील. फाइल १६ बिटमध्ये ठेवा आणि शेवटी सगळ्यावर १-२% ग्रेन (बारीक कण) टाका, पट्टे मोडतात.

शाईचा_डाग
यात कागदाची भर : चकचकीत आर्टपेपर घेऊ नका. ट्यूबलाइटखाली गडद चकचकीत पोस्टरचा आरसा होतो आणि आपलंच तोंड दिसतं. मॅट, १७० ते २०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). मॅट काळ्यावर बोटांचे ठसे उठतात, म्हणून हाताळताना कडा धरा. घडी अजिबात घालू नका, गुंडाळी करा. टोनरने छापलेलं काळं घडीवर तडकतं आणि पांढरी रेघ कायमची राहते.

पडदाआड
क्यूआर कोड टाकणार असाल तर काळ्यावर पांढरा उलटा टाकू नका, काही फोन तो वाचत नाहीत. तुमच्याकडे कागदाचा फिका पिवळा आहेच, त्या चौकोनात गडद कोड बसवा. भोवती चार खाण्यांची मोकळी जागा सोडा. अंतराला दहाने भागा : ३० सेमीवरून स्कॅन करायचा तर ३ सेमीचा कोड. चित्राच्या आत तो नको, तळाशी तारीख-वेळ-स्थळाच्या ओळीत ठेवा.

मधली_ओळ
एक वेगळी गोष्ट, पण महत्त्वाची. मजकुरात 'वेडी', 'मनोरुग्ण' असले शब्द घालू नका, आणि चित्रात गोळ्यांच्या बाटल्या किंवा मनगटावरचे वळ आणू नका. सूचनाफलकासमोरून कोण कोणत्या अवस्थेत जात असेल ते आपल्याला ठाऊक नसतं. शिवाय त्याने सिनेमाही छोटा होतो : भीती स्वतःवरच्या अविश्वासाची आहे, आजाराची नाही. उपओळ हवीच असेल तर ती नोंदीसारखी असावी, साधी. 'हे अक्षर तुझंच आहे.' बस.

टाइपसेटर
उपओळ चांगली आहे. ती छापील टाइपात घ्या, हस्ताक्षरात नको. हस्ताक्षर फक्त शीर्षकाला राहू द्या.

पडदाआड
मला ती नकोच वाटते. बोटांवरची शाई जे विचारते त्याचं अर्धं उत्तर ही ओळ देऊन टाकते.

मधली_ओळ
छापील पोस्टरवरून काढा, हरकत नाही. फोनवरच्या रूपात ठेवता येईल, तिथे बोटांची शाई एवढी दिसणारही नाही.

निगेटिव्ह
फोनवरच्या रूपाला नुसतं लहान करू नका, वेगळी मांडणी करा. उभ्या पोस्टसाठी १०८० × १३५०, स्टोरीसाठी १०८० × १९२०. स्टोरीत वरचे आणि खालचे २५० पिक्सेल मजकुरापासून मोकळे, तिथे ॲपची बटणं येतात. फाइल एसआरजीबीमध्ये (स्क्रीनच्या रंगपद्धतीत). सीएमवायकेचं (छपाईच्या चार शायांचं) जेपीईजी फोनवर भलतेच रंग दाखवतं. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून गेलं की अंधाराचे ठोकळे होतात.

महोत्सवांच्या याद्यांमध्ये पोस्टर नखाएवढं दिसतं. २०० पिक्सेल रुंदीला आणून बघा. चेहरा, हात आणि शीर्षक हे तीन वेगळे आकार दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर शीर्षक मोठं करण्याआधी हात आणि चेहऱ्यामधली उजेडाची दरी वाढवा.

अर्धउजेड
सगळ्यांचे आभार. शनिवारी त्याच खोलीत फोटो काढतोय. आत्ताची मांडणी अशी : 'ब' चं टेबल आणि दिवा, खुर्चीत मुलगी, डोकं हातावर, डोळे मिटलेले, दोन बोटांवर शाई. डावीकडून एक तृतीयांशावर समासाची लाल रेघ. शीर्षक तिच्या हस्ताक्षरात वरच्या अंधारात. छापील पोस्टरला उपओळ नाही. एकच विचारायचं राहिलं, रेघ चेहऱ्यावरून जाऊ द्यायची की मागून?

चौकट
चेहऱ्याच्या मागून आणि हाताच्या पुढून. रेघ एकच, पण मध्येच तिची जागा बदलते. तुम्हाला हवी असलेली चूक हीच आहे, आणि मग चित्रात दुसरी कोणतीही घालू नका. रेघेची जाडी ए३ वर पाऊण ते एक मिलिमीटर ठेवा, रंग एम १०० वाय १००, आणि ती फोटोत न मिसळता वेगळ्या व्हेक्टर थरावर. हाताला ओलांडते तिथे कड धारदार हवी.

शाईचा_डाग
शनिवारी शाई ताजी लावा, दर दहा मिनिटांनी पुन्हा. सुकलेली शाई फोटोत जखमेसारखी दिसते, ओलीवर दिव्याची चमक येते. निळी-काळी घ्या, काळी नको. अशा उजेडात काळी शाई बोटाच्या सावलीत बुडून जाते.